गाडीतला फ्रीज पहाटे बंद पडतो: बॅटरी बदलण्याआधी काय तपासायचं

मुक्कामी भटकंतीच्या गाड्यांमधला हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता समोरच्याची पहिली दोन वाक्यं ऐकूनच तो ओळखू येतो. १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर फ्रीज दिवसभर, गाडी चालू असताना, छान गार करतो. संध्याकाळी वाळूत किंवा किनाऱ्यालगत गाडी थांबते, रात्र जाते, आणि पहाटे झाकण उघडून बघावं तर फ्रीज बंद आणि आत सगळं कोमट. इंजिन सुरू केलं की फ्रीजही लगेच सुरू होतो.

बहुतेक जण ‘बॅटरी गेली’ असं समजून मोठी बॅटरी बसवतात. पुढच्या सफरीत पुन्हा पहाटे तेच होतं. बऱ्याचदा बॅटरीत वीज शिल्लक असते, फ्रीजही ठणठणीत असतो, पण व्होल्टेज या दोघांच्या मधल्या वाटेवर सांडलेलं असतं. म्हणून पुढच्या जवळपास सगळ्या तपासण्यांमागे एकच प्रश्न आहे: कंप्रेसर चालू असताना, फ्रीजच्या टोकाला नेमके किती व्होल्ट पोहोचतात?

आडवाटेवर ही नुसती गैरसोय नसते. कच्चं मांस, मासे, दूध ४-५ अंश सेल्सिअसच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं तर ते टाकून देणंच योग्य. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा. कुणाचं न उघडलेलं इन्सुलिन त्यात असेल तर त्याला २ ते ८ अंश लागतात आणि ते गोठूनही चालत नाही. फ्रीजच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. आत एक वेगळा साधा थर्मामीटर ठेवा, शक्यतो रात्रीतलं सर्वाधिक तापमान लक्षात ठेवणारा. नाहीतर पहाटे फ्रीज गार दिसेल आणि मध्यरात्री तो किती वेळ बंद होता हे कळणारच नाही.

लक्षणं

- इंजिन चालू असताना फ्रीज चालतो, बंद केल्यावर काही तासांनी थांबतो.
- कंप्रेसर सुरू होतो, काही सेकंदांत थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. रात्रीच्या शांततेत ही धडपड ऐकू येते.
- बॅटरीवरचा मीटर १२.३ दाखवतो आणि त्याच क्षणी फ्रीजचा पडदा ११.३ दाखवतो.
- घरच्या विजेवर कितीही दिवस चालतो, गाडीत मात्र रुसतो.
- प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागतं.
- फ्रीजवरचा बिघाडाचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो.

शेवटच्या लक्षणाकडे फार कमी लोक लक्ष देतात. बऱ्याच फ्रीजमध्ये सेकॉपचा (पूर्वीचा डॅनफॉस) कंप्रेसर असतो. त्याच्या नियंत्रकाचा दिवा एकदा लुकलुकला तर व्होल्टेज कमी, दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट ओढतोय, तीनदा म्हणजे कंप्रेसरला सुरूच होता आलं नाही, चारदा म्हणजे त्याला किमान वेग राखता येत नाही, आणि पाचदा म्हणजे नियंत्रक स्वतः तापलाय. एकदाच लुकलुकत असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. पाच वेळा लुकलुकत असेल तर आधी हवा खेळण्याबद्दलचा भाग वाचा. इतर बनावटींच्या खुणा वेगळ्या असतात, त्यासाठी सोबतची पुस्तिका बघा.

कंप्रेसर अखंड चालतोय पण गारवा येतच नाही, हे या यादीतलं लक्षण नव्हे. तो वेगळा आजार आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो.

बॅटरी संरक्षणाची पातळी

यासाठी ना पैसा लागतो ना हत्यार. बॅटरी वाचवण्यासाठी फ्रीजने किती व्होल्टला स्वतः बंद व्हायचं, याच्या फ्रीजवर लो, मीडियम, हाय अशा तीन पातळ्या असतात. हाय म्हणजे ‘जास्त ताकद’ असा समज होतो, पण अर्थ उलटा आहे. हायवर फ्रीज सर्वात लवकर, बऱ्याच मॉडेलांत साधारण पावणेबारा व्होल्टच्या आसपास, स्वतःला बंद करतो. गाडी सुरू करण्याच्या बॅटरीवर फ्रीज चालवत असाल तर तेच हवं, कारण सकाळी इंजिन सुरू होणं पहिलं. वेगळी दुसरी बॅटरी असेल तर मीडियम ठेवा. दुसरी बॅटरी लिथियम असेल तर लो चालतं, कारण तिच्या आतलं संरक्षक सर्किट तिला वाचवतं. लेड-ॲसिड किंवा एजीएम (लेड-ॲसिडचाच बंदिस्त प्रकार) बॅटरीला लोवर सोडून झोपू नका. ती तळापर्यंत रिकामी होते, आणि असं वारंवार झालं की तिची धारणशक्ती कायमची घटते.

सेटिंग खाली आणल्याबरोबर त्रास थांबला, तरी पुढच्या तपासण्या सोडू नका. तारेत व्होल्टेज गळत असेल तर ते अजूनही गळतच आहे.

सॉकेट किल्लीबरोबर बंद होतं का?

अनेक गाड्यांमधली सॉकेट इग्निशन बंद केल्यावर, किंवा गाडी लॉक झाल्यावर काही वेळाने, आपोआप बंद होतात. सॉकेटला दिवा असलेला फोन चार्जर लावा, गाडी लॉक करा आणि तासाभराने खिडकीतून बघा. दिवा विझला असेल तर बिघाड सापडला. फ्रीजला बॅटरीकडून थेट, स्वतःचा फ्यूज असलेली वेगळी लाइन हवी.

प्लग आणि सॉकेट

सिगारेट लायटरचं सॉकेट लायटर काही सेकंद तापवण्यासाठी बनलेलं आहे, रात्रभर वीज पुरवण्यासाठी नव्हे. त्यातला मधला संपर्क स्प्रिंगच्या दाबावर टेकलेला असतो. लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर तासभर गाडी थरथरली की प्लग केसभर मागे सरकतो. दिवा लागलेला दिसतो, पण संपर्क अर्धवट. अर्धवट संपर्क म्हणजे रोध (विजेच्या वाटेतला अडथळा), रोध म्हणजे उष्णता, आणि उष्णतेने स्प्रिंग आणखी सैल. मग प्लास्टिक वितळतं.

फ्रीज अर्धा तास चालल्यावर प्लग काढून त्याच्या टोकाला जपून बोट लावा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर तो बदलायचाच. टोकाची टोपी फिरवून उघडा, बहुतेक प्लगमध्ये तिथेच छोटा फ्यूज असतो. त्याची टोकं काळवंडली असतील किंवा टोपी सैल असेल तर निम्मा त्रास इथेच आहे. किनाऱ्यावरून आलेल्या गाडीत या धातूवर मिठाचा पांढरट किंवा हिरवट थर दिसतो. तो बारीक सँडपेपरने घासून काढा, पण ही मलमपट्टी आहे हे लक्षात ठेवा.

कायमचा उपाय म्हणजे हे सॉकेट फ्रीजसाठी वापरणंच सोडणं. फिरवून घट्ट होणारा प्लग, आयएसओ ४१६५ प्रकारचं लहान व्यासाचं घट्ट सॉकेट, किंवा ५० अँपिअरचा अँडरसन जोड यांपैकी काहीही चालेल. मला अँडरसन सर्वात भरवशाचा वाटतो, कारण त्याचे संपर्क मोठे असतात, एकमेकांवर घासून बसतात आणि जोडता-काढताना स्वतःला थोडे साफही करतात. तो गाडीच्या मागे खाली, चाकांनी उडणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या माऱ्यात बसवला असेल तर त्याला टोपी हवीच.

हवा, धूळ आणि ऊन

बंद गाडी उन्हात उभी असेल तर आतलं तापमान ६० अंशांजवळ जाऊ शकतं. अशा खोक्यात, चारी बाजूंनी पिशव्या आणि गाद्या दाबून ठेवलेला फ्रीज उष्णता टाकणार कुठे? कंप्रेसर थांबतच नाही, आणि संध्याकाळ होईपर्यंत बॅटरी निम्मी झालेली असते. बिघाड पहाटे दिसतो, पण त्याचं मूळ दुपारी असतं.

जाळीच्या बाजूला हातभर नाही तरी निदान चार बोटं मोकळी जागा ठेवा. जाळीतली बारीक धूळ मऊ ब्रशने काढा. वाळवंटातली पिठासारखी धूळ पंख्याच्या पात्यांवर बसून त्याचा वेग मारते. झाकणाच्या रबरात कागद धरून ओढून बघा; सहज निसटला तर तिथून गारवा जातोय. सामान घरूनच गार करून भरा आणि फ्रीजचं तापमान उणे ऐवजी ३-४ अंशांवर लावून ठेवा. बाहेर २५ अंश असताना सरासरी एक-दीड अँपिअरवर भागणारा मध्यम फ्रीज ४० अंशांत सहज त्याच्या दुप्पट ओढतो.

टर्मिनल आणि फ्यूजची घरं

आता हत्यार लागेल, एक पाना. आधी अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. बॅटरीचं टर्मिनल सोडवायचं असेल तर आधी ऋण, मग धन, जोडताना उलट. पाना धन टर्मिनलवर असताना त्याचं दुसरं टोक गाडीच्या धातूला लागलं तर ठिणगी नाही, जाळ होतो.

प्रत्येक टर्मिनल हाताने हलवून बघा. हाताने हलत असेल तर ते सैल आहे, दिसायला कितीही घट्ट वाटो. बॅटरी जागेवर आवळून धरणारी पट्टीही बघा. नुसती ठेवलेली बॅटरी थरथरून आतल्या प्लेटा तोडून घेते. नंतर तारेवरचं प्रत्येक फ्यूज-घर उघडा. खाऱ्या हवेत हिरवट झालेला फ्यूज जळलेला नसतो, तरीही व्होल्टेज खात बसतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत आहे ना हेही इथेच पाहून घ्या. दूर असेल तर मधला तारेचा तुकडा असुरक्षित आहे. घासून कुठे शॉर्ट झाला तर थांबवणारं काहीच नाही.

मल्टीमीटर: खरा निकाल इथे लागतो

साधा, स्वस्त मल्टीमीटर पुरे. पण मोजण्याची वेळ चुकली तर तो दिशाभूल करतो, आणि याच एका गोष्टीमुळे चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

पहाटे फ्रीज बंद पडलेला असतो. माणूस मीटर लावतो, १२.१ व्होल्ट दिसतात, आणि तो म्हणतो ‘व्होल्टेज तर आहे, म्हणजे फ्रीजच बिघडला.’ पण तारेतली व्होल्टेजची घट करंट वाहत असतानाच होते. फ्रीज बंद झाला, करंट शून्य झाला, घटही शून्य झाली आणि व्होल्टेज पुन्हा वर आलं. तुम्ही बिघाड निघून गेल्यावर मोजत आहात. कंप्रेसरची मघाची धडपडही यातूनच येते: व्होल्टेज वर आलं की तो सुरू होतो, करंट वाहताच ते पडतं, तो थांबतो. सेकॉपच्या मूळ सेटिंगमध्ये बंद होण्याची पातळी १०.४ आणि पुन्हा सुरू होण्याची ११.७ व्होल्ट आहे. हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, तरीही तार बारीक असली की ते पुरत नाही.

म्हणून फ्रीजवर लावलेलं तापमान खाली आणून कंप्रेसर चालू करा आणि तो चालू असताना दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या खांबांवर (धन आणि ऋण टर्मिनलांवर) आणि फ्रीजला जिथे तार जोडली जाते तिथे. दोन आकड्यांतला फरक ०.३ व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग चांगलं. ०.५ च्या वर असेल तर बॅटरी बदलण्याचा विचार सोडा आणि तारेकडे वळा.

घट कोणत्या बाजूला आहे हेही शोधता येतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरं फ्रीजच्या धन टोकाला लावा. जो आकडा येईल ती धन तारेतली घट. तसंच ऋण बाजूला करा. ऋण बाजूचा आकडा मोठा आला तर जवळजवळ नेहमी अर्थिंगचा (ऋण तार गाडीच्या पत्र्याला जोडतात तो) जोड दोषी असतो: रंगावर किंवा गंजलेल्या पत्र्यावर आवळलेला बोल्ट. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) बसवा, घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. त्याहून चांगलं म्हणजे ऋण तारही थेट बॅटरीपर्यंत नेणं.

तार किती जाड हवी

बॅटरी पुढे, फ्रीज मागे. वळणं धरून तार ५ मीटर झाली तर जाऊन-येऊन १० मीटर होते. १.५ चौरस मिमी तांब्याच्या इतक्या तारेचा रोध साधारण ०.११५ ओहम. फ्रीज ५ अँपिअर ओढत असेल तर जवळपास ०.६ व्होल्ट तारेतच गेले. त्यात कळकट प्लगचे ०.३ मिळवा. बॅटरी १२.२ वर, म्हणजे अजून अर्धी भरलेली, आणि फ्रीजला मिळतात ११.३. मीडियमवरचे बरेच फ्रीज इथे हार मानतात. तीच तार ६ चौरस मिमीची केली तर घट ०.१५ व्होल्टच्या आत येते. नवीन बॅटरीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक फ्रीज याच एका बदलाने सुधारले आहेत.

तार घेताना मापाचा घोटाळा टाळा. काही वाहन-केबलवर लिहिलेले ‘६ मिमी’ हा बाहेरच्या आवरणासह व्यास असतो, तांब्याचा छेद नव्हे. विकणाऱ्याला चौरस मिमीच विचारा. किनाऱ्यावर वरचेवर जाणार असाल तर कथिलाचा मुलामा दिलेली, बोटींसाठीची तार घ्या. साध्या तांब्यात खारा ओलावा आवरणाखालून आत आत शिरतो आणि तार वरून नवी, आतून काळी होते. लग योग्य पक्कडीने दाबून बसवा आणि वर गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा.

मग बॅटरी

वायरिंग चांगलं ठरलं तरच इथे या. चार्जिंग आणि भार दोन्ही तोडून बॅटरी काही तास शांत ठेवा, मग मोजा. लेड-ॲसिड पूर्ण भरलेली १२.७ च्या आसपास, एजीएम थोडी वर, निम्मी १२.२, आणि १२ च्या खाली जवळपास रिकामी. लिथियमला हा हिशोब लागू नाही. तिचं व्होल्टेज बराच काळ १३ च्या आसपास सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं, त्यामुळे तिला करंट मोजणारा शंट मॉनिटर हवा.

शांत अवस्थेत १२.७ दाखवणारी बॅटरी थोडा भार देताच ११ कडे कोसळत असेल तर आतून ती संपली आहे. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून खात्री करून घ्या. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे वापरायला ५०, हेही हिशोबात धरा.

बॅटरी भरते तरी का?

इंजिन चालू करून दुसऱ्या बॅटरीच्या खांबांवर मोजा. १४ च्या आसपास हवेत. जेमतेम १२.८ दिसत असतील तर बॅटरी भरत नाही. नव्या गाड्यांचा संगणक-नियंत्रित अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. दोन बॅटऱ्या जोडणारा साधा व्होल्टेज रिले १३.३ च्या सुमारास जोडतो आणि १२.८ ला सोडतो, म्हणजे अशा गाडीत तो बराच वेळ सुटलेलाच. तिथे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरचं कमी व्होल्टेज वाढवून दुसरी बॅटरी भरणारा, लागतो. तो बोनेटखाली तापत्या इंजिनाशेजारी बसवला असेल तर उष्णतेने स्वतःचा वेग कमी करतो. दिवसभर वाळूत रांगत चालणाऱ्या गाडीत नेमकं हेच घडतं.

लेड-ॲसिडचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. मुक्कामाच्या जागी अर्धा तास इंजिन नुसतं गुरगुरवून तो भरत नाही.

सोलर पॅनल असेल तर त्यावरची धूळ आणि समुद्राच्या तुषारांचा खारट थर गोड्या पाण्याने धुवा. कोपऱ्यावर दोरीची किंवा फांदीची सावली पडली तरी उत्पादन कितीतरी घटतं. वाळवंटातल्या थंडीत लिथियम बॅटरी शून्य अंशांखाली चार्ज घेत नाही. तिचं संरक्षण सर्किट ते अडवतं. ऊन लख्ख आणि चार्जिंग शून्य दिसलं तर बिघाड समजू नका, बॅटरीची थंडी उतरेपर्यंत थांबा.

इथे हात आवरा

फ्यूज एकदा उडाला तर बदला. दुसऱ्यांदा उडाला तर मोठा फ्यूज घालू नका. लाइन तोडा आणि वाहन-इलेक्ट्रिशियनकडे द्या. तारेचं आवरण मऊ झालंय, जळका वास येतोय, बॅटरी फुगलीय, सडक्या अंड्यांचा वास येतोय, किंवा इंजिन चालू असताना १५ व्होल्टच्या वर दिसताहेत: यांपैकी काहीही दिसलं की फ्रीज सोडा, गाडीपासून ठिणगी दूर ठेवा आणि मदत घ्या. लिथियमचं संरक्षक सर्किट पुन्हा पुन्हा वीज तोडत असेल तर त्याला बगल देणारी तार कधीही जोडू नका. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी तारांना आणि एअरबॅगच्या पिवळ्या जोडांना हात लावू नका.

कंप्रेसर अखंड चालूनही गारवा नसेल, नळ्यांवर तेलकट डाग असतील, किंवा तीन-चार लुकलुक येत असताना फ्रीजच्या टोकाला व्होल्टेज पुरेसं असेल, तर दोष बहुधा शीतकरणाच्या बंदिस्त भागात आहे. तो उघडणं हे शीतकरण तंत्रज्ञाचंच काम.

बिघाड दूर निर्जन ठिकाणी झाला आणि फ्रीज गाडीच्याच बॅटरीवर असेल, तर ती १२.२ च्या खाली जाताच प्लग काढा. जेवण गेलं तरी चालेल, इंजिन सुरू व्हायला हवं.

तंत्रज्ञाकडे जाताना चार आकडे लिहून न्या: शांत बॅटरीचं व्होल्टेज, कंप्रेसर चालू असताना बॅटरीवरचं आणि फ्रीजच्या टोकाचं, आणि इंजिन चालू असताना दुसऱ्या बॅटरीवरचं. दिवा किती वेळा लुकलुकतो तेही सांगा. हे हातात असलं की तो फ्रीज खोलण्याआधी तार बघेल.